ॲडजस्ट कर, निमे

दुपारची जेवणं आटोपलीत. उद्या आईचं वर्षश्राद्ध, म्हणून माहेरी आलेय. तिच्या शिलाई मशीनशेजारी सतरंजीवर आडवी झालेय, उशाशी माझ्या लग्नातला लाल ब्लाऊज. आईनंच शिवलेला, आता अंगात शिरत नाही. पंखा कुरकुरतोय. डोळा लागतोय न लागतोय तोच कुणीतरी कोपरानं ढोसतं.

"जरा ॲडजस्ट कर की, निमे."

आई! आम्ही इचलकरंजीच्या एसटीत, भरलेल्या बाकावर. मी मुकाट सरकते, सवयच ती. या बाईनं इंग्रजीतला एवढा एकच शब्द उचलला आणि जन्मभर सगळीकडे ठिगळासारखा लावला. मशीनचा टाका सैल पडला, ॲडजस्ट. आमटी खारट झाली, पाणी ओतून ॲडजस्ट. गिऱ्हाइकाचं कापड कमी भरलं, तरी ॲडजस्ट.

आणि मी नवऱ्याचा मार खाऊन बॅग घेऊन आले, तेव्हाही तेच. दारातूनच परत पाठवलं मला.

एसटी थांबते ती आमच्या त्याच दारात. हातात तीच बॅग. आई तोंडात टाचण्या धरून उंबऱ्यात उभी.

"आज तरी आत घे," मी म्हणते.

"माणसं सुधारतात गं. ॲडजस्ट कर."

"आणि उज्जू आली तेव्हा? धाकटीला पोटाशी धरलंस! तिच्या नवऱ्याला हाकलून लावलंस. तेव्हा कुठं गेला होता तुझा शब्द?"

आई टाचण्या काढून हातात घेते. "तुझे हाल बघून शहाणी झाले होते. तिला कशी परत पाठवू?"

"म्हणजे मी कात्री शिकायचं कापड?"

ती टाचण्या पुन्हा तोंडात धरते.

"बोल ना! दगा दिलास मला, आई. पोटच्या पोरीला!" मला रडू फुटतं.

आई बॅगेतून माझा लाल ब्लाऊज ओढून घेते आणि ब्लेडनं कडेची शिवण उसवायला लागते. "सैल करते," एवढंच पुटपुटते. चुकलं म्हण की, बाई! पण नाही.

जाग येते. उज्जू आतून चहाला हाक मारतेय. ब्लाऊजची एक बाजू खरंच उसवलीय. माझ्या मुठीत लाल दोरे. शिवणीत दाबून ठेवलेलं चांगलं दोन बोटं कापड बाहेर आलंय, बाकीचा ब्लाऊज विटलाय आणि हे अजून नवंकोरं.

एवढी जागा होती तुझ्यापाशी, आई. आणि मलाच सरक म्हणालीस.