गावपळणीची भरपगारी रजा

आमच्या गावात दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री गावात कुणी राहायचं नाही. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी शिवेबाहेर झावळांच्या झोपड्यांत. कौल कधी होईल ते आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि इथेच नोकरी करणाऱ्यांची पंचाईत होते.

मी कसालजवळच्या एका कारखान्यात काजू सोलते. मागच्या गावपळणीच्या वेळी आमच्या गावच्या आम्ही चौघी तिथे होतो. देवाच्या कौलासाठी रजा कोण देणार, असं धरून चौघींनी एकमेकींना न विचारता एकच थाप मारली, ताप आला म्हणून. मालकाला वाटलं गावात साथ आलीय. परत गेलो तर त्याने दारातच अडवून डॉक्टरची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी कुठून आणणार? तीन दिवसांचा पगार गेला, अब्रू गेली ती वेगळीच. पुन्हा असं केलंत तर घरीच बसा, असंही त्याने बजावलं.

यंदा पुन्हा कौल झाला. सासूबाईंना आता चालता येत नाही. नवरा मुंबईला. त्यांना शिवेबाहेर नेऊन त्यांचं सगळं करायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि माझी नोकरी गेली तर घर चालणार नव्हतं. एसटीत मी वाटभर नवी थाप जुळवत बसले.

ऑफिसात नवीन मुलगी आली होती. मी तोंड उघडायच्या आत तिने रजेचं रजिस्टर काढलं. माझं पान कोरं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, त्या तापानंतर एक खाडा नाही, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा मी सोलतच असते.

"ताई, पान कोरं ठेवल्याबद्दल बक्षीस नसतं," ती म्हणाली. "वीस दिवस काम केलं की एक दिवस भरपगारी रजा तुमच्या हक्काची. तुमची कितीतरी शिल्लक आहे. आणि जेवणाच्या सुट्टीत जेवायचं."

"पण कारण काय लिहू?"

"खरं आहे ते लिहा."

मी 'गावपळण' असं लिहिलं. मालकाने वाचून सही केली. "मागच्या वेळीच सांगायचं होतं," एवढंच म्हणाला. अशी रजा असते हे त्याने तरी मागच्या वेळी कुठे सांगितलं होतं? जिभेवर आलं होतं, पण गिळलं. इतकं हलकं वाटत होतं की भांडायची हौसच राहिली नाही.

झोपडीतल्या पहिल्याच पहाटे सासूबाईंनी सवयीने मला हलवलं. लग्न झाल्यापासून पहिल्या गाडीसाठी त्याच मला उठवत आल्या आहेत.

"ऊठ गो, गाडी चुकात."

"आज रजा आसा माका."

"पगार कापतले?"

"नाय. भरपगारी आसा."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेली बाई, तिला हे पटायला वेळ लागणारच. मग त्यांनी स्वतःच्या अंगावरची गोधडी ओढून माझ्यावर घातली.

"मगे नीज गो बाय."

सासू जागी असताना मी पहिल्यांदाच झोपले, ऊन झोपडीत येईपर्यंत.