नकाशात नसलेला पूल

कायोदे सर गेल्याची बातमी आली तेव्हा मस्कतजवळच्या रुसैलमधल्या आमच्या काँक्रीटच्या कारखान्यात मी एका पुलाच्या गर्डरचं ड्रॉइंग तपासत होते. सर सुट्टीवर नायजेरियातल्या आपल्या गावी गेले होते. छातीत कळ आली, दवाखाना नदीपलीकडे, आणि होडी नेमकी दुसऱ्या काठाला... दीड महिना झाला, पण माझा राग काही उतरत नाही.

आठ वर्षं आमची टेबलं शेजारी होती. ते तिकडच्या योरुबा समाजाचे, मी संगमेश्वरची. आपण तालुका म्हणतो तसा त्यांचा भाग, त्याचा नकाशा ते जेवणाच्या सुट्टीत हातानं काढत. सरकारी नकाशात त्यांचं गाव म्हणजे नुसता ठिपका. सरांच्या कागदावर मात्र लढाईतून पळून आलेल्या पूर्वजांनी जिथं पहिली चूल मांडली ते झाड होतं, राजवाडा होता, दर पाचव्या दिवशी भरणारा बाजार होता, निळीत कापड बुडवणाऱ्या बायकांची गल्ली होती. बोअरवेलला पाणी असेल तर निळी खूण, नसेल तर लाल. कुणीतरी डोळ्यांनी पाहून सांगितल्याशिवाय रेघ पक्की करायची नाही, हा त्यांचा दंडक. दर शुक्रवारी ते गावच्या निवृत्त हेडमास्तरांना फोन लावून पंप, दिवे, रस्ते असं एकेक विचारायचे, आणि ते बिचारे खरंच फिरून बघून यायचे.

एकदा मी शहाणपणा केला. तिथल्या सरकारच्या पूर्ण झालेल्या कामांच्या यादीत नदीवरचा पूल दिसला, म्हणून सर चहा आणायला गेले तेवढ्यात मी तो त्यांच्या नकाशावर दोन रेघांनी रेखाटला. वाटलं, खूश होतील. त्यांनी खोडरबर घेतला आणि कागद पातळ होईस्तोवर घासला.

"सिस्टर, आपण दिवसभर लोकांचे पूल काढतो. हा कुणी बांधलाय? यावरून कोण चाललंय?"

"यादीत आहे, सर."

"मग यादीवरून नदी ओलांडा!" म्हणाले, आणि स्वतःच हसत चहा पुढे केला.

परवा मस्कतमधल्या त्यांच्या गावकरी मंडळाचे अध्यक्ष आले. नकाशा छापायचाय, प्रकाशनाला तिकडचे बडे अधिकारी येणार.

"मॅडम, तेवढा पूल टाका. दोन रेघांचा तर प्रश्न. कायोदे गेला, आता खलास."

"खलास कसं? त्या दोन रेघा खऱ्या असत्या तर सर आज या खुर्चीत असते."

"साहेब नाराज होतील हो."

"होऊ द्या की! छापायचा तर आहे तसाच छापा."

ते हात हलवत परत गेले.

आता दर शुक्रवारी हेडमास्तरांना मी फोन करते. गेल्या आठवड्यात बाजाराजवळची एक लाल बोअरवेल निळी केली, तेव्हा रडू आलं. सगळ्यात शेवटी पुलाचं विचारते. "अजून नाही," म्हणतात.

नकाशा माझ्या टेबलासमोर लावलाय. नदीवरचा तो घासलेला कागद इतका पातळ झालाय की मागची भिंत दिसते. ती जागा मी थापांनी भरू देणार नाही. आधी पूल बांधा, मग माझ्याकडे या. सरांची पेन्सिल टोक करून ठेवली आहे.