ताइताखालची जागा

दादा वारला, तेव्हा मी वर्गात फळ्यावर क्ष-किरणांची नळी काढत होतो. फोन आला. मी खडू ठेवला आणि गावाकडे निघालो.

आकृती अर्धी राहिली. तार काढून झाली होती, समोरचा धातू काढायचा होता. तार तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. विजेचा दाब त्यांना ओढून नेतो आणि ते धातूवर आदळतात. तिथे अडताना त्यांची बहुतेक ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. थोडीशी उरते, तिचे क्ष-किरण होतात.

हे मी दादालाही सांगितलं होतं, आदिलाबादच्या दवाखान्यात, बाकावर बसून. कापूस वेचताना त्याला खोकल्याची उबळ यायची, म्हणून मी त्याला घेऊन आलो होतो.

"म्हंजे धावत येनाऱ्याले आडवलं का उजेड पडते," तो म्हणाला.

"तसंच समज."

"तुह्या वयनीनं मले लगन झाल्यापासून आडवलं. उजेड काई पडला नाई."

आत फोटो काढणाऱ्याने विचारलं, "गले में कुछ है?" दादा म्हणाला, "कुछ नहीं." बनियनच्या आत चांदीचा ताईत होता. क्ष-किरण चांदीपाशी थांबले आणि फिल्मवर, छातीच्या उजव्या बाजूला, पांढरा चौकोन उमटला. डॉक्टर म्हणाले, त्याच्यामागचं काही दिसत नाही, ताईत काढून पुन्हा फोटो घ्या.

दादा उठून बाहेर आला. आमच्या घरात ताईत जो बांधतो, त्यानेच सोडायचा असतो. हा आईने बांधला होता.

"माय तं गेली. आता कोन सोडन?"

"दोरा आहे, दादा."

"तुले नाई समजत, मास्तर."

आम्ही गावी परतलो. त्यानंतर मी विषय काढला की तो शेताकडे निघून जायचा. कापूस घरी आला, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, खोकला तसाच होता. मग एका सकाळी तो माझ्यासमोर बसला आणि त्याने मान खाली घातली.

"सोड. तू बी तिचंच लेकरू हायेस. पन कापू नोको."

गाठ आवळून गेली होती. सुईच्या टोकाने मी ती हळूहळू सैल केली.

दुसरी फिल्म डॉक्टरांनी उजेडासमोर धरली. चौकोन नव्हता. पण त्याच जागी पांढरा डाग होता, कडा नसलेला, पसरलेला. दादाने गळ्याला हात लावून पाहिला.

"ताईत तं काडला ना रे?"

"काढला," मी म्हणालो.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उशीर झाला.

तेरावं करून मी कॉलेजात गेलो आणि ती आकृती पूर्ण केली. धातूवर आदळलेल्या इलेक्ट्रॉनचं पुढे काय होतं, हे एका मुलीने विचारलं. मी उत्तर दिलं.

दोन्ही फिल्म माझ्या कपाटात आहेत. ताईत टेबलाच्या खणात आहे. त्याचा दोरा गाठीच्या जागी अजून वाकडा आहे.