करवलीचं तोंड

ताईला बघायला आले त्या रविवारी मला शेजारच्या गुजराती बेनकडे ठेवलं होतं. ठेवलं म्हणजे अगदी वस्तू ठेवतात तसंच. आईने मटारांची पिशवी आणि परात माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तिकडे बसून सोल. ते गेले की हाक मारते." मी एकोणीस वर्षांची होते. मटार सोलायला दुसऱ्याच्या घरी जावं लागत नाही, एवढं मला कळत होतं.

कारण माझं तोंड. आठवीपासून माझ्या गालांवर आणि कपाळावर पिंपल्स होते. एखाददुसरा नाही, दाटीवाटीने. पाठ्यपुस्तकात त्याला तारुण्यपिटिका असा शब्द होता. ज्याने तो काढला त्याला त्या कधी आल्या नसणार. घरात सगळं करून झालं होतं. कडुनिंबाचा पाला, मुलतानी माती, उगाळलेलं जायफळ, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून एकदा टूथपेस्टसुद्धा. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, लग्न झालं की आपोआप जातात. आणि त्याच बायका मागे म्हणायच्या, या तोंडाने हिचं लग्न कसं व्हायचं! आता यातलं आधी काय करायचं ते त्यांनीच सांगावं.

आम्ही गिरगावातल्या दोन खोल्या सोडून भाईंदर पूर्वेला जेसल पार्कमध्ये राहायला आलो त्याला तीन वर्षं झाली होती. भिंती पातळ होत्या. बेनच्या स्वयंपाकघरात बसून मला आमच्याकडचं सगळं ऐकू येत होतं. मुलाच्या आईने विचारलं, "धाकटी दिसत नाही?" आई लगेच म्हणाली, "मामाकडे गेलीये, चिपळूणला."

बेनने लाटणं थांबवलं. "चिपळून? तू तो इधर बैठी है!"

"हां बेन," मी म्हटलं, "अभी पहुँची."

बेन हसली नाही. तिने माझ्या पुढ्यातले निम्मे मटार ओढून घेतले आणि सोलायला लागली.

आईचं म्हणणं नंतर कळलं. मुलाकडच्यांना वाटलं असतं की घराण्यात कातडीचा काही रोग आहे, आणि ताईचं जमता जमता मोडलं असतं. तिचं अगदीच चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. लोक तसे असतात. पण राग आला होता, तो आला होता.

स्थळ जमलं. मे महिन्यातली तारीख धरली. आणि मग करवलीचा प्रश्न निघाला. नवरीची करवली म्हणजे तिची पाठची बहीण. हातात पाण्याने भरलेला कऱ्हा, त्यावर नारळ, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिने नवरीच्या मागे उभं राहायचं. आमच्यात पाठची एकच होती, मी. ताई मला लहानपणापासून सांगत आलेली, माझ्या लग्नात कऱ्हा तू धरायचास आणि सांडायचा नाहीस. पण मामी आल्या आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "करवली म्हणून आमची मुलगी घ्या ना. गोरीपान आहे, फोटोत उठून दिसेल." आई हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. ते मला जास्त लागलं.

मला लग्न, स्थळ, गोरेपणा, कशाचंही काही पडलं नव्हतं. मला तो कऱ्हा धरायचा होता.

स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी स्किनचे डॉक्टर यायचे. मी एकटीच गेले. डॉक्टर वयस्कर होते आणि शब्द मोजून वापरणारे. त्यांनी दिव्याखाली माझं तोंड इकडून तिकडून वळवून पाहिलं आणि एक छोटी ट्यूब लिहून दिली. ट्रेटिनॉइन. 'अ' जीवनसत्त्वाच्याच घराण्यातलं औषध, म्हणाले. "रात्री तोंड धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग वाटाण्याएवढं घ्यायचं. एका पिंपलला नाही, सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढं. उन्हात फिरायचं नाही. पहिले काही आठवडे आणखी बिघडेल. घाबरून सोडायचं नाही. बारा आठवड्यांनी बघू."

मी मनात हिशोब केला. "बहिणीचं लग्न आहे. अकरात नाही होणार?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "औषधाला पत्रिका वाचता येत नाही."

पहिले आठ-दहा दिवस काहीच झालं नाही. मग नाकाच्या कडेने सालं निघायला लागली. हसलं की गाल ओढायचे. मार्चच्या भर उन्हात मी छत्री घेऊन कॉलेजला जायला लागले, तर खालचा वाणी रोज विचारायचा, "बारिश किधर है?" तिसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, "तेरे सर पे." त्यानंतर त्याने विचारलं नाही.

आणि पाणी. आमच्याकडे गोडं पाणी दिवसाआड, तेही तासभर. ते फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळं बोअरच्या पाण्यावर, आणि ते पाणी इतकं खारं की बादल्यांच्या कडांना पांढरे थर बसायचे. आधीच सोलवटलेल्या तोंडावर ते पाणी मारलं की डोळ्यांतून टचकन पाणी यायचं, आणि तेही खारंच. एका रात्री मोरीत माझ्या बादलीशेजारी झाकण घातलेला तांब्या दिसला. आत गोडं पाणी होतं. दुसऱ्या रात्रीही होता. आईला पत्ता लागला तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं, "प्यायचं पाणी तोंडाला? डोकंबिकं फिरलंय का?" ताई शांतपणे म्हणाली, "माझ्या वाटणीचं आहे. मी कमी पिते."

इथे मी शहाण्यासारखं वागायला हवं होतं. पण चार आठवडे होत आले तरी तोंड सुधारायच्या ऐवजी पेटलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि आरशात बघणं वेगळं. मला वाटलं, औषध थोडं पडतंय. वाटाण्याचा मी पावटा केला, पावट्याची सुपारी केली, आणि सकाळीही लावायला लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पाचव्या दिवशी दोन्ही गाल भाजल्यासारखे लालभडक झाले. हनुवटीवरची कातडी पापुद्र्यांनी सुटली. आई आरशासमोरून मला ओढून घेऊन गेली आणि गालांवर थंड साय थापत, रडत रडत म्हणाली, "काय करून घेतलंस गं पोरी! होतं ते काय वाईट होतं?"

होतं त्याच्यासाठी तूच मला शेजारी पाठवलं होतंस, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण साय लावताना तोंड हलवता येत नव्हतं.

नेमका त्याच आठवड्यात फोटो आणि व्हिडिओ शूटिंगवाला घरी बोलणी करायला आला. दार मीच उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग पूर्ण वेळ आपल्या चपलांकडे पाहत राहिला. जाताना आई त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि तिथे हळू आवाजात काहीतरी बोलली. जेवणाची वेळ सांगत असेल असं मला वाटलं.

पुन्हा दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी मला ओरडावं असं मला वाटत होतं. ते ओरडले नाहीत. एक आठवडा पूर्ण बंद, म्हणाले, मग एक दिवसाआड, आणि वाटाणा म्हणजे वाटाणा. "सोललेला," मी दारातून बाहेर पडताना ते म्हणाले. माझ्या अकरा आठवड्यांतले आता जेमतेम सहा उरले होते.

मामी पुन्हा आल्या. माझ्याकडे बघून त्यांनी 'अगं बाई' केलं आणि आईला म्हणाल्या, "मग आमचीच नक्की समजायची ना? साडी घ्यायला बरं." ताई आतून केस विंचरत आली, कंगवा हातातच होता. "मामी, माझ्यामागे हीच उभी राहील. तोंड कसंही असू दे. नाहीतर मागे कोणीच नको." मामी म्हणाल्या, "अगं, मी आपलं सहज." त्यांचं सगळंच सहज असायचं.

मग मी नेटाने लावलं. एक दिवसाआड, सोललेला वाटाणा, तांब्याभर गोडं पाणी. एप्रिल संपता संपता एका सकाळी मी आरशात बघितलं आणि नवीन काहीच आलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. लाली ओसरली, सालं थांबली. डाग होते, तपकिरी, ते राहणारच होते. पण पाच वर्षांत पहिल्यांदा गालावरून हात फिरवला तर तो कुठे अडला नाही. मी हे कोणाला सांगितलं नाही. दृष्ट लागेल म्हणून नव्हे. माझा स्वतःचा विश्वास बसत नव्हता.

हळदीच्या दिवशी बायका उरलेली हळद घेऊन माझ्या गालांना लावायला आल्या. कुमारिकेला लावली की तिचंही लवकर जमतं म्हणतात. आई मध्ये आडवी उभी राहिली. "तिच्या तोंडाला हात लावायचा नाही. हाताला लावा, पायाला लावा." स्वतःच्या सासूच्या वयाच्या बायकांशी आई अशी बोलताना मी कधी पाहिली नव्हती.

लग्नात ताईची सासू समोर आली आणि म्हणाली, "आलीस का चिपळूणहून?" मी म्हटलं, "आले." तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "गोड आहे हो पोर," ती आईला म्हणाली. आईने पदराने डोळे टिपले आणि हॉलमध्ये फार उकडतंय म्हणाली.

मी कऱ्हा धरला. जड होता. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा शूटिंगवाल्याचा तो भगभगीत लाईट आमच्यावर आला. आजवर कॅमेरा दिसला की मी मान वळवायचे, केस पुढे घ्यायचे, रुमाल शोधायचे. त्या दिवशी वळवली नाही. सबंध पाच मंगलाष्टकं मी मान वर करून, लाईट तोंडावर घेऊन उभी राहिले. खूप आनंद झाला होता मला. ताईचं लग्न होत होतं म्हणूनही, पण खरं सांगायचं तर त्या लाईटचा.

कॅसेट महिन्याने आली. ताई माहेरी आली होती. व्हीसीआर बेनकडे, म्हणून सगळे तिथे जमलो. बदामाच्या आकारातून ताई आणि भावोजी वर आले, गाणी वाजली, अक्षता उडाल्या. मंगलाष्टकं आली. ताई दिसली, अंतरपाट दिसला, भटजी दिसले. ताईच्या खांद्यामागे एक कऱ्हा दिसला, त्याच्याभोवती हिरव्या बांगड्यांचे दोन हात. हातांच्या वर पडदा संपत होता. पुढे सप्तपदीत कऱ्हा आणि हात. पाठवणीत माझी पाठ.

"अरे, छोटी किधर है?" बेनने विचारलं.

ताईने कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. हात, कऱ्हा. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

"मीच सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. "जिन्यात. तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं बघ ना... म्हटलं, हिचं तोंड घेऊ नका, पुढे कोणी बघायला आलं तर कॅसेट मागतात. मग चांगलं झालं, आणि मी त्याला सांगायची विसरले गं. लग्नाच्या गडबडीत विसरले."

असला आज्ञाधारक माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. शेकडो फोटो, तीन तासांची कॅसेट, आणि एकदाही चुकला नाही. मला इतका राग आला की मी उठून घरी आले आणि दाराला कडी लावली. आईने बाहेरून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझी लग्नातली साडी पलंगावर काढून ठेवली होती. बांगड्या, गजरा, आणि स्वतःच्या गळ्यातली मोहनमाळ. काही न बोलता तिने मला साडी नेसवली आणि त्याच शूटिंगवाल्याच्या स्टुडिओत नेलं. तो बिचारा म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगितलं होतं." आई म्हणाली, "हो. माझंच चुकलं." मग त्याने सवयीने विचारलं, "स्थळांसाठी काढायचा? तीन कॉप्या?"

"नाही," आई म्हणाली. "एकच. मोठा. घरात लावायला."

तो फोटो अजून आईच्या हॉलमध्ये आहे, ताईच्या लग्नाच्या फोटोला अगदी लागून. माझ्या मागे निळा पडदा आहे, हातात कऱ्हा नाही, शेजारी कोणी नाही. पण घरी नवीन कोणी आलं, दोन्ही फोटोंकडे बघून विचारलं, "ही धाकटी का? लग्नातलाच ना?" की आई लगेच म्हणते, "हो तर. करवली होती ना." तेव्हा मी तिथे असले, तर मटार सोलत असल्यासारखी गप्प बसते.