पाडण्यासाठी बांधलेलं गाव

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आकाराम राहायचा. गणपतीचा हंगाम सरला की गल्लीतले बाकीचे चुली-मडक्यांकडं वळायचे. आकाराम मात्र सिनेमाच्या स्टुडिओत जायचा. पडद्यावर वाडे जळायचे, बुरूज ढासळायचे, ते त्याच्या हातचे. उंचीनं गुडघ्याएवढे, पण कॅमेऱ्यातून डोंगराएवढे दिसायचे.

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास लढाईच्या एका चित्रपटासाठी त्याला अख्खं गाव करायला सांगितलं. शत्रू ते सुरुंग लावून बेचिराख करतो, असा प्रसंग होता. आकारामनं वेस केली, पार केला, देऊळ केलं. बायको, चिमणाबाई, नखाएवढी कौलं थापून द्यायची.

"मोडायचंच हाय, तर एवढं कोरून कशाला करताय?" ती म्हणायची.

"खोटं पडलं तर लोक हसतील की."

खरी कसोटी पाडण्यातच होती. सुरुंगाची दारू जास्त झाली की घर खेळण्यासारखं उडायचं; कमी झाली की नुसती भेग जायची. म्हणून स्टुडिओमागच्या पटांगणात तो तशीच वेगळी घरं बांधून उडवून बघायचा. भिंत आधी फुगावी, मग छप्पर खाली बसावं, मग धूळ उठावी, असं त्याला हवं होतं. पडलेलं न्याहाळायचा, मान हलवायचा, पुन्हा चिखल मळायचा. एकदा एक घर असं काही बसलं की चिमणाबाई 'आई गं' म्हणत मटकन खाली बसली. त्या दिवशी आकाराम गल्लीभर हसत फिरला.

देवळाची चाचणी तेवढी राहिली होती. पेटवलेली वात विझल्यासारखी वाटली. त्यानं जरा दम धरला, मग वाकून आत बघितलं. तेवढ्यात दारूनं पेट घेतला.

दोन्ही डोळे गेले, डावा कान गेला. दिग्दर्शक इस्पितळात आला, "बरा हो, तोवर गावाला हात लावत नाही," म्हणाला. पण पाऊस तोंडावर आला होता. दुसऱ्याच कुणीतरी भरमसाट दारू ठासली आणि एका दुपारी सगळं गाव उडवून टाकलं.

चित्रपट लागला तेव्हा चिमणाबाई नवऱ्याचा हात धरून थिएटरात गेली, त्याच्या उजव्या बाजूला बसली.

"मी हाय की सांगायला तुमास्नी," ती कानाशी म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, "आलं बघा, आपलं गाव आलं. वेस दिसाय लागलीया..."

धडाड् आवाज झाला.

"पुढं?"

"गेलं."

"कसं गेलं? भिंत आधी फुगली का?"

"धूरच धूर हाय ओ. काय बी दिसंना."

"ओ मावशी, गप बसा की!" मागून कुणीतरी ओरडलं. पुढच्या रांगांत लोक हसत होते. कशाला हसतात, हे आकारामनं विचारलं नाही.

स्टुडिओचं बोलावणं पुन्हा आलं नाही. चिमणाबाई चुली थापून घर रेटायची. आकाराम तिच्याकडं मूठभर चिखल मागून घ्यायचा, घर करायला बसायचा. भिंत कलायची, छप्पर भिंतींवर बसायचं नाही. बोटांनी सगळीकडून चाचपायचा आणि चिमणाबाई "बरं झालंय की" म्हणायच्या आत चेपून टाकायचा.

काही वर्षांनी त्यानं चिखल मागायचंही सोडलं. दारात बसून असायचा. गल्लीतून वरात निघाली, फटाके वाजायला लागले, की उरलेल्या कानावर हात दाबून धरायचा.