रांगेत थांबलेला निरोप

“हिरवी टिक आली व्हती गा. जीपच आली न्हाई.”

जोयड्याच्या किराणा दुकानात माझ्या मागे शांताक्का दुकानदाराला सांगत होती. ती कुंभारवाड्याकडची, आमच्या ओळखीची. रानात नवऱ्याच्या पायावर ओंडका पडला, तेव्हा तिने फोनवरच्या ॲपमधून जीप बोलावली होती.

“मग दुसरी गाडी बघायची न्हाईस?”

“टिक आल्यावर कशाला बघू? ह्ये म्हणालं, शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊया. मीच म्हटलं, गप बसा, जीप येतीया. सांज झाली बसून. डाक्टर म्हणाला, लवकर आणलं असतं तर बोटं राहिली असती.”

मी साबण घेतला आणि बाहेर पडले. ती टिक कुठून आली, ते मला माहीत होतं.

मी टेक्निकल रायटर आहे. फोनची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या बंगळूरच्या एका कंपनीसाठी घरून काम करते. ॲप बनवणारा प्रोग्रामर फोनकडून थेट काम करून घेत नाही. तो सिस्टिमला सांगतो, ‘हा निरोप पाठव.’ याला कॉल म्हणतात. कुठला कॉल कसा करायचा, उत्तर काय मिळेल, हे आम्ही लिहितो. प्रोग्रामर ते वाचून ॲप बनवतात.

निरोपाच्या कॉलला ‘सक्सेस’ असं उत्तर येतं, तेव्हा सिस्टिमने निरोप फक्त ताब्यात घेऊन रांगेत लावलेला असतो. तो जातो नेटवर्क मिळाल्यावर. बंगळूरला हे इतकं लगेच होतं की फरक कळतच नाही. कुंभारवाड्याला कळतो.

तिथे मावशीकडे गेले असताना मी तो कॉल करून पाहिला होता. सिग्नल नसताना सक्सेस. म्हणून ड्राफ्टमध्ये ‘सक्सेस म्हणजे निरोप पोचला असं नाही’ अशी सूचना लिहिली. आमचे लीड, मूर्ती सर, यांनी ती काढली. शेरा होता, ‘हे ऑब्व्हियस आहे. पान लांबतंय.’ मी खाली ‘ओके’ लिहिलं. आमच्याकडे शेवटचा शब्द लीडचा.

दुकानातून घरी येऊन मी ॲप बनवणाऱ्या रामनगरच्या प्रोग्रामरला फोन केला.

“मॅडम, तुमचंच पान बघून केलंय की. सक्सेस आलं, टिक दाखवली. माझं चुकलं काय?”

काहीच चुकलं नव्हतं. त्याने टिक लगेच काढली. पण तेच पान वाचून ॲप बनवणारे आणखी कितीतरी होते, आणि आमच्या नव्या व्हर्जनची पानं दुसऱ्या दिवशी बदलांसाठी बंद होणार होती.

मीटिंगमध्ये मी बोलत नाही, चॅटमध्ये लिहिते. त्या दिवशीच्या ऑनलाइन मीटिंगमध्येही ‘ती सूचना परत घालूया’ असं लिहिलं.

“पुढच्या व्हर्जनला बघू,” मूर्ती सर म्हणाले.

मी शांताक्काच्या नवऱ्याचं लिहिलं.

“वाईट झालं. पण तक्रार नोंदवलीय का कुणी? तक्रारीचं एक तरी तिकीट दाखव.”

सूचना अखेर त्याच दिवशी पानावर आली, ठळक अक्षरांत. त्या माणसाची बोटं गेली ती गेलीच. शांताक्का अजून स्वतःलाच दोष देते. आपल्याला जे उघड वाटतं ते आधी लिहावं, एवढं मी शिकले. सरांनी तिकीट मागितलं तेव्हा मात्र मी माइक सुरू केला होता.

“सर, तिकीट येणार नाही. त्यांनी तिथून तक्रार पाठवली तरी ती फोनमध्येच पडून राहील, आणि त्यांना हिरवी टिक दिसेल.”