मोहाखाली गणपूर्ती

मानवी हक्कांसाठी झटणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण 'मानवी हक्क' हे दोन शब्द तोंडातून एकदाही न काढता ते काम करणारा माणूस उभ्या आयुष्यात एकच भेटला. ते म्हणजे आमच्या संस्थेचे कुरखेड्याकडचे गोंड विश्वस्त. सगळे त्यांना भाऊ म्हणत. नव्वदीच्या दशकाअखेरीस चंद्रपुरात आमची ही लहानशी संस्था होती आणि मी तिचा एक विश्वस्त व चिटणीस, म्हणजे पत्रं लिहिणारा आणि खुर्च्या मांडणारा. आदिवासींच्या हक्कांसाठी काढलेल्या संस्थेच्या मंडळावर एकही आदिवासी नाही, ही गोष्ट आम्हा विद्वानांच्या ध्यानात यायला चार वर्षं लागली. ध्यानात आल्यावर मात्र आम्ही इतके लाजलो की महिन्याभरात भाऊंना विश्वस्त करून टाकलं आणि माहितीपत्रकासाठी फोटोग्राफरही बोलावला. भाऊ आले ते मास्तर मेव्हण्याचा कडक इस्त्रीचा सफारी घालून. अध्यक्षांचा चेहरा पडला. मोरपिसांचा तुरा आणला नाही का, असं त्यांनी हळूच विचारलं. भाऊंनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "तो नाचाच्या टायमाले लावतो साहेब. आज नाच हाये का?"

बैठकीला येण्याची त्यांची एक पद्धत होती. पहाटेची एसटी पकडून ते सगळ्यांच्या आधी पोचत, आणि आलेल्या प्रत्येकाला, त्यात चहावालाही आला, तुमच्याकडं सध्या कोणतं झाड फुललंय हे विचारत. नागपूरच्या धंतोलीत राहणाऱ्या आमच्या अध्यक्षांना हा प्रश्न दर दोन महिन्यांनी येई आणि दर वेळी ते 'गुलाब' म्हणत. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य होते. ग्रीसपासून निघून चंद्रपूरला पोचायला त्यांच्या भाषणाला चाळीस मिनिटं लागत. भाऊ रोमच्या आसपास डोळे मिटत आणि बल्लारशा आल्यावर जागं होणाऱ्या प्रवाशासारखे नेमके ठरावाच्या वाक्याला उघडत. मग खरी पंचाईत सुरू होई, कारण भाऊंना मतदान मान्य नव्हतं. त्यांच्या गावात कोणी हात वर करून निर्णय घेत नसे. एक जरी माणूस नाराज असला तरी बसून राहायचं, तो राजी होईपर्यंत. संस्थेच्या कागदाचा रंग हिरवा असावा हे आम्ही पाच विरुद्ध एक असं पाच मिनिटांत ठरवलं, तेव्हा भाऊंनी त्या एकाकडं, म्हणजे आमच्या खजिनदारांकडं बोट दाखवलं. ते कापडाचे व्यापारी, रंगाच्या बाबतीत हळवे. भाऊ म्हणाले, "चाचा हासून नाई राह्यले." चाचा हसेपर्यंत आम्ही अडीच तास बसलो. कागद शेवटी पांढराच राहिला.

हे सगळं आम्ही कौतुकानं मित्रांना सांगत असू. पण एका मार्चमध्ये कौतुक महागात पडायची वेळ आली. मंडळावरच्या वकीलबाईंना चंद्रपूरच्या तुरुंगात लालसू नावाचा एक माणूस भेटला होता. घरासाठी बांबू तोडला म्हणून तो तीन महिने आत होता, आणि त्याची तारीख नुसती पुढं सरकत होती. कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीआधी नागपूरला याचिका दाखल झाली नाही तर त्याचा पावसाळाही आतच जाणार होता. याचिकेला ठराव हवा, ठरावाला सातांपैकी पाच विश्वस्त हवेत. एक विश्वस्त अमेरिकेत लेकीकडं, दुसऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे भाऊ आल्याशिवाय गणपूर्ती नाही. मी तातडीच्या बैठकीचं पत्र पाठवलं, विषय लिहिला 'कायदेशीर बाबी', आणि येणार की नाही ते कळवा म्हटलं. उत्तर एसटीच्या कंडक्टरच्या हाती आलं. वहीच्या पानावर एकच ओळ होती: "मोहा पडून राह्यला. मीटिंग सडत नाई, मोहा सडते."

अध्यक्ष इतके संतापले की ग्रीसला न जाता थेट जीपमध्ये बसले; मागं वकीलबाई, चाचा आणि मी. माणसाच्या सुटकेपुढं फुलं वेचणं, या विषयावर ते मूल गावापर्यंत बोलले. कुरखेड्यात मुक्काम करून उजाडताना आम्ही भाऊंच्या गावी पोचलो. भाऊंच्या बायको अंगणात मोह वाळत घालत होत्या. "आमचा मोहा मीच येचून राह्यली," त्या म्हणाल्या. "ते पल्याडच्या गावाले गेले. लालसूच्या झाडाखाली."

वकीलबाईंनी हातातली फाईल उघडून नाव पुन्हा वाचलं.

लालसू आत, बायको बाळंतीण. झाडाखालचा मोह वेचला नाही तर गुरं खातात, उरला तो कुजतो, आणि त्या घराचा वर्षाचा आधार जातो. भाऊ बारा दिवस रोज पहाटे तीन कोस चालून तो वेचत होते. आम्हाला पाहून त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. अध्यक्षांनी ठरावाचा कागद पुढं केला, तशी भाऊंनी त्यांच्या हातात टोपली दिली. "पयले हे उचला. ऊन आलं का फुलं मरतात. मंग तुमचा ठराव." धोतर खोचून वाकलेले अध्यक्ष मी त्या दिवशी प्रथम पाहिले. तासभर ते एक शब्द बोलले नाहीत. चाचा दोन फुलं टोपलीत टाकत आणि एक तोंडात, आणि त्या गोड, जड वासात आम्ही सगळे विनाकारण हसत होतो. वकीलबाईंची टोपली सगळ्यांत जास्त भरली. अध्यक्षांनी फेरमोजणीची मागणी केली.

बैठक लालसूच्या अंगणात झाली. वकीलबाईंनी मसुदा वाचला: लालसूनं बांबू तोडलाच नाही, त्याला खोट्या प्रकरणात गुंतवलं आहे. आम्ही हात वर करणार तोच भाऊंनी थांबवलं आणि दारात बाळाला घेऊन बसलेल्या लालसूच्या बायकोला ते सगळं गोंडीत सांगितलं. ती बराच वेळ बोलली. भाऊंनी आमच्याकडं वळून तिचं म्हणणं सांगितलं, "ते म्हणते, तोडला ना. घर शाकाराले तोडला. बापही तोडे, आजाही तोडे. खोटं काऊन लिवता?"

खरं लिहिलं तर धोका आहे, असं वकीलबाईंनी समजावलं. बाई ऐकेना, वकीलबाई ऐकेनात आणि भाऊ उठेनात. दुपार टळली तेव्हा वकीलबाईंनी मसुदा फाडला आणि गुडघ्यावर कागद ठेवून नवा लिहिला: बांबू तोडला, घरासाठी तोडला, आणि तो या गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा निस्तार, म्हणजे घरगरजेपुरतं जंगलातून घेण्याचा हक्क आहे. वाचून झाल्यावर त्या स्वतःशीच हसल्या. भाऊंनी लगेच सही केली.

लालसू मृगाआधी सुटला. त्याचं घर शाकारायला भाऊंबरोबर मीही गेलो होतो. माझा उपयोग मुख्यतः शिडी धरण्यापुरता. तिथं मी त्यांना म्हटलं, की त्या चिठ्ठीत लालसूचा मोह वेचतोय एवढं लिहिलं असतं, तर आम्ही तुमच्याबद्दल वाटेल ते बोललो नसतो. बांबू बांधता बांधता भाऊ म्हणाले, "तुमी इचारलं कुठी? येता का नाई, इतलंच इचारलं."

त्या वर्षीचा अहवाल मीच लिहिला. याचिकेवर त्यात दीड पान आहे, न्यायालयाच्या आदेशातला उतारा आहे, वकीलबाईंचा फोटो आहे. बारा दिवस पहाटे कोणीतरी त्या झाडाखाली वाकत होतं, अशी एक ओळही मी लिहिली होती. ती अध्यक्षांनी खोडली असं मी पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो. अध्यक्षांनी तो कागद पाहिलाही नव्हता. कामाच्या अहवालात ती शोभणार नाही असं वाटून मीच ती खोडली.